घरात कोण कोण आहे?

पहिल्या भेटीत मी हा प्रश्न विचारतो तेव्हा पेशंटला वाटतं, डॉक्टर ओळख काढताहेत. बडोद्यात ते साहजिकही आहे. दांडिया बाजारात कुठंही नाव सांगितलं की पाठोपाठ 'अमक्यांचे तुम्ही कोण?' येतंच. त्यामुळे माणूस सैलावतो आणि सांगू लागतो. आई आहे, बायको आहे, दोन मुलं, बहीण नाशिकला दिली. तो बोलत असतो आणि मी केसपेपरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात वयं मांडत असतो. आई ६९. बायको ३८. मुलगा १२, मुलगी ९; हे दोन आकडे लगेच खोडतो. बहीण ३९.

मी यकृताचा डॉक्टर आहे. प्रत्यारोपण करणारे हात सर्जनचे, माझं काम त्याच्या आधीचं आणि नंतरचं. किडनी गेली तर माणूस डायलिसिसवर वर्षानुवर्षं काढतो. लिव्हरसाठी असं वर्षानुवर्षं चालणारं यंत्र अजून कुणाला बनवता आलेलं नाही. निकामी लिव्हरच्या जागी दुसरं लिव्हरच लागतं, आणि आपल्या देशात ते बहुतेक वेळा जिवंत माणसाकडून, घरातल्याच कुणाकडून येतं. केसपेपरच्या कोपऱ्यातल्या त्या यादीत मी दाता शोधत असतो.

ही वीसेक वर्षांची सवय आहे आणि ती मला फार उशिरा लागली. त्याबद्दलच लिहायचं आहे.

बडोदा मेडिकल कॉलेजात मी १९८२ साली गेलो. सयाजी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात आमचे सर पेशंटच्या पोटाला हात लावण्याआधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे. गार हात लागला की पोट आखडतं आणि मग काहीच कळत नाही. उजव्या बरगडीच्या खाली बोटं आडवी ठेवायची, दाबायचं नाही, थांबायचं. पेशंटला म्हणायचं, दीर्घ श्वास घ्या. श्वासाबरोबर लिव्हर खाली उतरतं आणि आपणहून बोटांना येऊन लागतं. कधी मऊ, कधी बोथट, कधी रवाळ आणि दगडासारखं. आता सोनोग्राफी आहे, फायब्रोस्कॅन आहे, लिव्हर किती कडक झालंय ते आकड्यात कळतं. तरी मी हात लावतोच, आणि आधी तळहात चोळतोच. या अवयवाची मला लागलेली ओढ त्या बोटांतून सुरू झाली, पुस्तकातून नाही.

एम.डी. करून मुंबईला पोटविकारांत पुढचं शिक्षण घेतलं आणि १९९४ साली परत आलो. त्याच वर्षी संसदेत मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, मेंदू मृत झालेल्या माणसाला कायद्यानं मृत मानलं गेलं. पण लिव्हरचं प्रत्यारोपण तेव्हा आम्हाला परदेशातली गोष्ट वाटायची. अमेरिकेत डेन्व्हरला टॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली पहिला प्रयत्न केला, ते मूल टेबलावरच गेलं. त्यांनी थांबून, शिकून पुन्हा सुरुवात केली आणि १९६७ मध्ये पेशंट महिनोन् महिने जगायला लागले. खरा रस्ता मोकळा केला तो शरीराचा नकार दाबणाऱ्या औषधांनी. आधी सायक्लोस्पोरिन, मग टॅक्रोलिमस. टॅक्रोलिमस बनवणारा जिवाणू जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीत १९८४ साली सापडला. आज माझे पेशंट सकाळी नऊ आणि रात्री नऊला जी कॅप्सूल घेतात, ती त्या मातीतून आलेली आहे.

इकडे आमच्या ओपीडीत तेव्हा वेगळंच चाललेलं असायचं. कावीळ, म्हणजे इथल्या भाषेत कमळो, आधी उतरवायला जायची आणि मग डॉक्टरकडे यायची. पेशंटच्या गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ असायची, दोऱ्याच्या गाठींत ओवलेली. ओल्या काड्या वाळल्या की आक्रसतात, गाठी सैल पडतात आणि माळ दिवसागणिक लांबत जाते. बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली. आणि ती खरंच उतरलेली असायची, कारण दूषित पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. मी त्या माळांवर कधी चिडलो नाही. चिडायचो ते बी आणि सी प्रकारच्या काविळीचे पेशंट माळ लांबण्याची वाट बघत सहा महिने घालवायचे तेव्हा. ते विषाणू रक्तातून, सुईतून येतात आणि गुपचूप राहतात. २००९ मध्ये साबरकांठ्यातल्या मोडाशाला बी काविळीची साथ आली ती पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे, आणि आपल्याच राज्यातली धडधाकट माणसं गेली.

सी काविळीनं मात्र मला या पेशातला सर्वांत मोठा आनंद दिला. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला. सुरुवातीला इंटरफेरॉनची इंजेक्शनं, वर्षभर ताप, अंगदुखी, गळणारे केस, आणि एवढं करून अनेकांचा विषाणू तिथंच. मग २०१५ च्या सुमाराला भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या गोळ्या हातात आल्या. बारा आठवडे गोळ्या, बस. ज्या बाईंना मी दहा वर्षं 'बघू' म्हणत आलो होतो त्यांच्या रिपोर्टवर विषाणू आढळला नाही असं छापून आलं, तेव्हा मी तो कागद तीनदा वाचला.

आमच्या राज्यातल्या लिव्हरच्या पेशंटचं एक दुःख वेगळं आहे. गुजरात १९६० साली जन्मलं तेव्हापासून इथं दारूबंदी आहे. त्यामुळे लिव्हर खराब झालं म्हटलं की सोसायटीत कुजबुज सुरू होते, हा लपून पीत असणार. पेशंट खुर्चीवर बसायच्या आधी त्याची बायको सांगते, "साहेब, अमे तो दारूने अडता पण नथी," म्हणजे आम्ही दारूला शिवतसुद्धा नाही. आमच्या मराठी घरांतल्या काकू दत्तगुरूंची शपथ घेतात. मी काही विचारलेलंसुद्धा नसतं. शपथ घेताना त्यांचा गळा दाटून येतो, आणि मला दर वेळी वाईट वाटतं की आजाराबरोबर या बाईला ही पण लढाई लढावी लागते आहे.

दारू न पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्येही दारू पिणाऱ्यासारखीच चरबी, सूज आणि व्रण दिसतात, हे मेयो क्लिनिकच्या लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लिहून ठेवलं. वजन, पोटाचा घेर, डायबिटीस ही त्याची मुळं. दुपारच्या चहाबरोबर लीलो चेवडो, रविवारी फाफडा-जिलबी, वरणात गूळ, आणि दिवसभर खुर्ची. शाकाहारी, निर्व्यसनी, देवभोळ्या माणसाचं लिव्हर वीस वर्षांत सिरोसिसपर्यंत, म्हणजे व्रणांनी कडक होऊन निकामी होण्यापर्यंत, जाऊ शकतं. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराच्या इंग्रजी नावातून दारू आणि चरबी हे दोन्ही शब्द काढले, चयापचयाशी जोडलेलं नाव दिलं. नाव बदलून काय होतं, असं काही मित्र म्हणाले. त्यांनी आमच्या ओपीडीत एक दिवस बसावं.

आणि जे पितात त्यांनाही मी त्याच खुर्चीवर बसवतो. दमणहून येताना डिकीत बाटल्या आणणारे मला माहीत आहेत. दारूनं खराब झालेलं लिव्हर हे शिक्षा म्हणून खराब झालेलं नसतं. ते सोडायला मदत लागते, वेळ लागतो, आणि तो मिळायला हवा.

आता ज्यांच्याबद्दल लिहायचं टाळत आलो त्या काकांकडे येतो. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत.

साल २००२. काका ५८ वर्षांचे, आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केलेली. सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभारलं, तेव्हापासून या गावात ग्रंथालयाच्या नोकरीला मान आहे. काका पुस्तकांची कार्डं हातानं लिहायचे. अक्षर असं, की छापलंय का म्हणून वाकून बघावं. पंधरा वर्षांचा डायबिटीस, दारूचा थेंब नाही. तेव्हा अशा सिरोसिसच्या कागदांवर 'कारण अज्ञात' असं लिहिलं जायचं. आज कळतं की त्यातली बरीचशी ही चरबीचीच गोष्ट होती.

पहिल्यांदा आले ते रक्ताची उलटी होऊन. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना मी दुर्बिणीतून रबरी कडी घातली, रक्त थांबलं. दोन महिन्यांनी पोटात पाणी झालं, ज्याला आपल्याकडे पूर्वीपासून जलोदर म्हणतात. सुई घालून पाच-पाच लिटर काढायचो, गव्हाच्या काडीच्या रंगाचं. मग एक दिवस काकू एकट्या आल्या. म्हणाल्या, "बँकेनं पेन्शनची स्लिप परत केली. सही जुळत नाही म्हणे. यांची सही चाळीस वर्षांत बदलली नाही हो."

मी काकूंना विचारलं, ते घरी काही लिहितात का. त्यांनी दुसऱ्या दिवशी एक लांब, लाल पाठीची वही आणून दिली. काका रोज पहाटे आंघोळ झाली की एक पान दत्ताचं नाव लिहायचे, वर तारीख, तिथी. मी पानं उलटत गेलो. चैत्रात अक्षरं ओळीत उभी होती, शिरोरेषा एका दमात ओढलेली. वैशाखाच्या शेवटी शिरोरेषा तुटायला लागली. ज्येष्ठात 'द' ची शेपटी खालच्या ओळीत घुसली होती, 'त्त' चे दोन दांडे एकमेकांवर चढले होते, आणि एका पानावर तिथी लिहायची राहिली होती. ते पान काकूंनी माझ्याआधी पाहिलेलं होतं. त्यांनी त्या तारखेवर बोट ठेवलं आणि काही बोलल्या नाहीत.

आतड्यात अमोनिया तयार होतो. चांगलं लिव्हर तो निपटतं. सिरोसिसमध्ये तो तसाच मेंदूपर्यंत जातो. माणूस आधी झोपेचं चक्र हरवतो, मग हात थरथरतात, मग अक्षर जातं, आणि शेवटी बेशुद्धी. यावर साधं, गोड, साखरेच्या पाकासारखं औषध आहे, लॅक्टुलोज. दिवसाला दोन-तीनदा पोट साफ झालं पाहिजे इतकंच बघायचं. पाच दिवसांनी काकूंनी वही आणली तेव्हा 'द' पुन्हा आपल्या ओळीत उभा होता. मला इतका आनंद झाला की मी ते पान ज्युनिअर डॉक्टरांना बोलावून दाखवलं.

तो आनंदच मला नडला. मी पाणी काढत राहिलो, कडी घालत राहिलो, वहीतली अक्षरं सरळ करत राहिलो. दर वेळी काहीतरी जमलं असं वाटायचं. दर महिन्याला कावीळ दाखवणारं बिलिरुबिन थोडं वर, किडनीचं क्रिएटिनिन थोडं वर. या आकड्यांतून लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा मेल्ड नावाचा एक गुणांक काढतात, ६ पासून ४० पर्यंत. अमेरिकेत २००२ पासून त्यावरच लिव्हरची रांग लागते. काकांचा आकडा चढत होता आणि मला तो वाचता येत होता. १५ नोव्हेंबर १९९८ ला दिल्लीत वीस महिन्यांच्या बाळाला त्याच्या वडिलांच्या लिव्हरचा तुकडा लावून भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं होतं. ती बातमी मी कापून ठेवली होती. माझ्या टेबलाच्या खणात होती ती.

आणि मी काकांना कधीच सांगितलं नाही. पेन्शनवरचं घर, पोळ म्हणतात तसल्या गल्लीतली जुनी वास्तू, दिल्लीचा खर्च, तोही लाखांत. सांगून उगाच जीव कशाला टांगायचा, असं मी ठरवलं. मी ठरवलं, हे महत्त्वाचं.

श्रावणात पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला, पाठोपाठ किडन्या गेल्या. चार दिवसांत काका गेले.

तेरावं झाल्यावर त्यांची मुलगी आली. सव्वीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. वही तिच्या हातात होती. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, दिल्लीला लिव्हर बदलतात म्हणे. बाबांच्या ऑफिसातल्या एकांनी सांगितलं, परवा, भेटायला आले तेव्हा." मी होय म्हटलं. "माझा ब्लडग्रुप ओ आहे. बाबांचाही ओच होता." मी पैशांचं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "घर विकलं असतं की नसतं, ते आम्ही बघितलं असतं. बाबा नाहीच म्हणाले असते, मला माहितीये. पण तुम्ही विचारायला हवं होतं."

वही तिनं मला दिली नाही. छातीशी धरून आली होती, तशीच घेऊन गेली.

त्या दिवसानंतर मी नियम केला. पोटात पहिल्यांदा पाणी दिसलं, किंवा रक्ताची उलटी झाली, किंवा मेल्ड पंधराच्या आसपास गेला, की त्याच भेटीत तो शब्द उच्चारायचा. पुढच्या वेळी सांगू असं नाही. समोर रिक्षावाला असो की कारखानदार. "औषधांनी दिवस निघतील, पण हे लिव्हर आता सुधारणार नाही. बदलणं हा एक रस्ता आहे. खर्च साधारण २०-२५ लाख. चांगल्या केंद्रात दहातले नऊ जण पहिलं वर्ष पार करतात. दहावाही असतो. तुम्ही ठरवा. हो म्हणालात तरी मी आहे, नाही म्हणालात तरी मी आहे." हे वाक्य मी शेकडो वेळा म्हटलं असेल आणि एकदाही ते सवयीनं तोंडातून निघालेलं नाही. कुणी शेत विकलं. कुणी ज्ञातीकडे, ट्रस्टकडे, क्राउडफंडिंगकडे गेलं. कुणी शांतपणे नाही म्हणालं आणि नरेश्वरला नर्मदेकाठी जाऊन राहिलं. नाही म्हणणाऱ्यांचाही तो निर्णय होता. एका दुपारी एका मजुरानं माझं सगळं ऐकून विचारलं, "एवढं मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सांगायचे किती?" मी त्याच्याकडून फी घेतली नाही.

प्रत्यारोपणाला माझे पेशंट अहमदाबादला, मुंबईला, दिल्लीला जातात आणि परत माझ्याकडे येतात. मग टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी, बारा तासांचं अंतर, बाहेरचं पाणी नको, पपनस नको कारण त्यानं औषधाची पातळी वाढू शकते. यावर मी सबंध लेख लिहू शकेन, पण आज नको. आज दात्यांबद्दल.

जिवंत दात्याच्या लिव्हरचा बहुधा उजवा भाग काढतात, जवळजवळ ६० टक्के. घेणाऱ्याच्या वजनाच्या निदान ०.८ टक्के एवढा तुकडा लागतो, साठ किलोच्या माणसाला अर्ध्या किलोच्या आसपास. दोघांच्याही शरीरात लिव्हर वाढायला लागतं आणि तीनेक महिन्यांत बरंचसं भरून येतं. शरीरात दुसरा कुठलाही मोठा अवयव हे करत नाही, आणि मला याचं नवल अजून संपलेलं नाही. पण दात्याला जिवाचा धोका असतो. उजव्या भागाच्या ऑपरेशनला दोनशे ते पाचशे दात्यांमागे एक, असं मानलं जातं. निरोगी माणूस, ज्याला स्वतःला काहीही झालेलं नाही, तो हा धोका घेतो. मी हा आकडा प्रत्येक दात्याला दोनदा सांगतो, एकदा सगळ्यांसमोर आणि एकदा एकट्याला.

दात्याचं लिव्हर चरबीचं असून चालत नाही. मग वडिलांसाठी तेवीस वर्षांचा मुलगा पहाटे साडेपाचला कमाटी बागेत पळायला लागतो, फरसाण बंद, गोड बंद, तीन महिन्यांत अकरा किलो कमी करून फायब्रोस्कॅनला येतो. अशी मुलं मी पाहिली आहेत. पण खरं लिहायचं तर दात्यांमध्ये बायकांची संख्या जास्त असते. बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते, बहीण भावाला देते. उलट दिशेनं फार कमी. पेशंट बाई असली की घरातले पुरुष खोलीच्या भिंतींकडे बघायला लागतात, 'त्याची नोकरी आहे', 'तो कमावता आहे'. पेशंट पुरुष असला की सासूबाई सुनेच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "ही देईल की." सुनेला कुणी विचारलेलं नसतं.

म्हणून मी दात्याला एकट्याला भेटतो. दार लावून, फोन बाहेर ठेवून. आणि पहिलं वाक्य हे असतं: "इथं नाही म्हटलंत तर ते या खोलीबाहेर जाणार नाही."

सुरुवातीला जी यादी लिहिली, आई ६९, बायको ३८, बहीण ३९, ती खऱ्या केसपेपरवरची आहे. तो ४२ वर्षांचा होता. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लिव्हरवर उलटलेली. रक्तगट ओ. बायकोचा बी, मुलं लहान, आई वयानं बाद. राहिली बहीण, तिचा ओ. दिवाळीनंतर नाशिकहून आली. आईनं तिचा हात दोन्ही हातांत धरला होता. "आमची ही देणार. मी म्हटलंच होतं, धाकटी आहे तर काळजी नाही." बहीण म्हणाली, "हो."

एकटी बसली तेव्हा बराच वेळ टेबलाची कड नखानं खरवडत राहिली. मी ते वाक्य म्हटलं. धोक्याचा आकडा पुन्हा सांगितला. ती म्हणाली, "हो म्हणायचं असतं ना अशा वेळी." मग म्हणाली, "मला भीती वाटते. दुसरं काही कारण नाहीये हो. घरी सगळं ठीक आहे, नवराही जा म्हणतोय. मला नुसती भीती वाटते." ती माफी मागितल्यासारखं बोलत होती.

भीती हे पुरेसं कारण आहे, असं मी तिला सांगितलं, आणि आजही मला तसंच वाटतं. दान या शब्दाला अर्थ राहायचा असेल तर न देण्याची मोकळीक खरी असावी लागते. नाहीतर ती वसुली होते.

बाहेर येऊन मी घरच्यांना सांगितलं, "त्या दाता म्हणून योग्य नाहीत." एवढंच. कारण विचारलं तर म्हटलं, तपासण्या ज्याच्या त्याच्या खाजगी असतात. प्रत्यारोपणाच्या केंद्रांमध्ये हेच करतात, आणि हे वाक्य खोटंही नाही. आई रडल्या. बहीणही रडली, आईच्या गळ्यात पडून, आणि आईनं तिचीच समजूत काढली.

त्याचं नाव अहमदाबादच्या प्रतीक्षा यादीत घातलं. मेंदू मृत झालेल्या माणसाचं लिव्हर मिळायचं तर त्या घरानं, ऐन दुःखात, हो म्हणायला लागतं. चार डॉक्टर सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतात, तेव्हा कुठं मेंदू मृत ठरतो. छाती अजून हलत असते, अंग गरम असतं. त्या क्षणी हो म्हणणारी घरं किती मोठी असतात हे मी शब्दांत सांगू शकत नाही. ती अजून फार थोडी आहेत. जूनमधल्या एका रात्री फोन आला. त्याला गाडीत घालून ती मंडळी निघाली, ९३ किलोमीटरचा एक्सप्रेसवे. आणंद मागं टाकलं आणि दुसरा फोन आला. सर्जननं दात्याचं पोट उघडून पाहिलं होतं. लिव्हर चरबीनं पिवळं पडलेलं, लावण्यासारखं नाही. परत फिरा.

ऑगस्टमध्ये तो माझ्याकडे दाखल होता. रात्रीच्या राउंडला बायको चहा आणायला खाली गेली होती. तो म्हणाला, "डॉक्टर, धाकटीला नको होतं ना?"

मी चार्ट बघत राहिलो.

"नका सांगू. कळलं मला." थोडा वेळ थांबून म्हणाला, "बरं झालं. लहानपणी शाळेत टोचायला यायचे ना, तर ही घरी पळून यायची आणि कपाटामागं लपायची. आईला सापडायची नाही. मला माहीत असायचं, मी सांगायचो नाही." मग डोळे मिटून म्हणाला, "आईला कळू देऊ नका."

बारा दिवसांनी तो गेला.

आई तीन वर्षांपूर्वी गेल्या. गेल्या वर्षी बहीण बडोद्याला आली होती, भाचीच्या लग्नाच्या खरेदीला. स्वतःच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली, थोडी चरबी होती, काळजीचं काही नव्हतं. मी तळहात चोळून पोट तपासलं, चालायला सांगितलं, वजन सांगितलं. ती उठली नाही. म्हणाली, "दादाला शेवटपर्यंत कळलं नाही ना?"

एकदा न सांगितल्याची किंमत मला माहीत होती. आईला कळू देऊ नका, एवढंच तो म्हणाला होता. आई नव्हत्या.

मी म्हटलं, "कळलं होतं त्याला." आणि त्या रात्रीचं सगळं सांगितलं, तो जसं बोलला तसं, कपाटासकट. 'बरं झालं' हे दोन शब्द दोनदा सांगितले. मी हे लिहितोय तेही तिला विचारून.

ती मान खाली घालून बसली होती. मी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, तो तिनं हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं.

"ते कपाट शिसवी आहे," ती म्हणाली. "आई गेल्यावर सामान वाटलं तेव्हा मी तेवढंच मागितलं. नाशिकला नेलंय मी ते."